नेवेन्काने लिहिलेली ‘बहीण’

नेवेन्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बावीस वर्षं रियेका शहरातल्या आपल्या घरी बसून तिने दुपारच्या स्पॅनिश मालिकांची सबटायटल्स लिहिली. पडद्यावर दोन ओळी, त्यात मावेल तेवढंच. काम आटलं तेव्हा, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिने विद्यापीठात नाव घातलं. विषय: माध्यमांतलं स्त्री-पुरुषपण आणि लैंगिकता.

पहिल्या आठवड्यापासून तिची चिडचिड सुरू. तास संपला की ती विद्यापीठाच्या, त्रसातच्या चढावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायची आणि पिशवी आपटायची.

“त्या तिहाना मॅडमचं एक वाक्य माझ्या पडद्यावर बसवायचं तर अख्खा भाग पुरणार नाही! बाईला चहा करायला लावतात, एवढंच म्हणायचं असतं. त्याला दीड पान!”

“मग सोडून दे,” माझा नवरा स्रेच्को म्हणायचा.

“सोडू कशी? दीड पानात जे असतं ते खरं असतं, हाच तर वैताग आहे!”

मार्चमध्ये तिहाना मॅडमनी वर्गात एका जुन्या मालिकेतला प्रसंग दाखवला. दीपगृहात राहणाऱ्या दोघी, मारिसोल आणि इनेस. मारिसोल इनेसचा हात धरून म्हणते, तुझ्यावाचून मला जगायचं नाही, माझं प्रेम आहे तुझ्यावर. खाली सबटायटल: ‘तू मला बहिणीसारखी आहेस.’

वर्ग हसून लोटपोट. मागच्या बाकावरचा बोर्ना म्हणाला, “हे लिहिणारा कुणी जपमाळ ओढणारा म्हातारा असणार!”

नेवेन्काने हात वर केला. “म्हातारा नाही रे बाबा, म्हातारी. मी लिहिलंय ते.”

मग तिने सगळं सांगितलं. असं वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा तिने खरं तेच लिहिलं होतं. वाहिनीच्या झाग्रेबमधल्या कचेरीतून कागद लाल रेघा मारून परत आला: दुपारची वेळ आहे, घरात पोरंबाळं असतात. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

“आणि तिसऱ्यांदा?” मॅडमनी विचारलं.

“तिसऱ्यांदा मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी आपण होऊन ‘बहीण’ लिहिलं. तिथून पुढे नेहमीच.”

तास संपला. नंतर पोरांनी तिला गराडा घातला. किती धीराच्या आहात, तुमची मुलाखत घेऊ का! मॅडम म्हणाल्या, “तुम्ही म्हणजे जिवंत पुरावा आहात.”

“पुरावा म्हणे!” माझ्याकडे आल्यावर ती कडाडली. “दहा मिनिटांपूर्वी मी जपमाळवाला म्हातारा होते, आता लगेच शूर बाई! अरे, मला सरळ नावं ठेवा ना. चुकलेच होते मी.”

तेव्हा कोपऱ्यात मटार सोलत बसलेली माझी आई म्हणाली, “दीपगृहातल्या त्या दोघी ना? आम्हाला ठाऊक होतं की. बहिणी काय तसं बघतात होय एकमेकींकडे? अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.”

नेवेन्का आईकडे वळली. “मग इतकी वर्षं मी खोटं लिहिलं ते कुणासाठी?”

आई मटार सोलत राहिली.

त्यानंतर दोन महिने नेवेन्काने त्या मालिकेच्या जुन्या टेपा उकरल्या. जिथे जिथे तिने शब्द फिरवला होता अशा एक्केचाळीस जागा सापडल्या. प्रत्येकीसमोर तिने खरं वाक्य लिहिलं आणि तोच निबंध म्हणून दिला. पाचापैकी तीन गुण. शेरा: ‘सैद्धांतिक बैठक कच्ची.’

“बैठक! आता चार पानं दीड-दीड पानी वाक्यं घालते. घ्या म्हणावं बैठक!” दात-ओठ खात तिने ती घातलीही. चार गुण मिळाले. ती चार पानं मी वाचली. चांगली होती. तसं बोलून दाखवलं तर माझ्यावरच खेकसली.

त्याच उन्हाळ्यात तीच मालिका पुन्हा लागणार असल्याची जाहिरात आली. नेवेन्काने वाहिनीला पत्र लिहिलं: एक्केचाळीस वाक्यं फुकट दुरुस्त करून देते. उत्तर नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी विचारते, “तुम्ही कोणत्या संघटनेकडून बोलताय?”

“माझ्याकडून! चूक माझी आहे, संघटनेची नाही!”

शेवटी ती सकाळची बस धरून झाग्रेबला गेली. दाराबाहेर दोन तास बसल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने कागद चाळले. बरीच घासाघीस झाली. तो म्हणाला, “अकरा ठिकाणी बदलू. सगळीकडे बदललं तर लोकांचा गोंधळ होईल.”

“लोकांचा?” नेवेन्का म्हणाली. “लोकांचा गोंधळ कधी झालाच नव्हता, बाबा!”

पण तो अकराच्या वर सरकेना. कुठल्या अकरा ते निदान मी निवडणार, असं तिने ठणकावलं आणि तिथेच, त्याच्या टेबलाच्या कडेला, पेन काढून खुणा करायला बसली. परतीची दुपारची बस चुकली. दीपगृहातलं ते वाक्य तिने सगळ्यात आधी घेतलं. उरलेल्या दहा जागा निवडता निवडता संध्याकाळ झाली.