पुरी झालेली जीप

मंगळवार पेठेतून रोज कामाला जाताना त्याच्या शेडपाशी माझे पाय थांबायचे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका जुन्या जीपवर तो कित्येक वर्षं राबत होता. इंजिन ट्रकचं, बॉनेट स्वतः पत्रा ठोकून केलेलं. बोलतानाही त्याचा तळवा पत्र्यावरून फिरत असायचा, कुठं उंचवटा लागतोय का बघत.

दिवाळीच्या तोंडावर गाडी एकदाची पुरी झाली. रंग चढला, सगळी गल्ली बघायला जमली. तो बायकोला घेऊन नेसरीला, तिच्या माहेरी जाऊन आला. या फेरीची ती इतकी वर्षं वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तो कटरनं जीपचा टप कापत होता.

"अहो, पुरी झालेली की गाडी!"

"व्हय. पर काल सगळ्या वाटेवर नुस्तं स्टेरिंग धरून बसायचं. करायला कायच न्हाय. जीव घाबरा झाला, पावणं."

बायको चहा घेऊन आली. कापलेल्या गाडीकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"आता कापलीच हाय तर मागं शीट मोठं करा," ती म्हणाली. "आई यायची म्हणत हुती."

मग कप खाली ठेवून तिनं टपाचं दुसरं टोक धरलं.