सुंदर सह्या

"हसा ताई, मनापासून हसा. हसायला काय पैसे पडतात?"

टाय घातलेल्या माणसाने मला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. तळोज्यातल्या केमिकल कंपनीचं ते कॅन्टीन. आम्हा पॅकिंगच्या बारा बायकांना खुर्च्या दिल्या होत्या. नऊ वर्षं आम्ही उभ्याने गोण्या शिवल्या. खुर्ची पहिल्यांदा मिळाली, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्याच सकाळी कळलं होतं, नवीन मशीन आलं, उद्यापासून तुम्ही येऊ नका. माझा नवरा वीटभट्टीवर छाती खराब करून घरी बसलेला. घर माझ्या एकटीवर. आणि दुपारी हा टायवाला, संकटात सकारात्मक कसं राहायचं ते शिकवायला. डोळे मिटून 'मी आनंदी आहे' असं तीनदा म्हणायला लावलं. आम्ही म्हटलं. सांगितलेलं करायची सवय हाडात मुरलेली.

मग मला पुढे करून तो ऑफिसच्या लोकांना म्हणाला, "हे आदिवासी लोक बघा. यांच्याकडे कधीच काही नव्हतं. तरी चेहरा किती हसरा. आपण यांच्याकडून शिकलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. मीही हसत होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. आमच्याकडे नव्हतं की आमचं नेलं, हे विचारायला त्याला सवड नव्हती.

तिकडे हजेरीचा म्हणून एक कागद फिरत होता. बायका सह्या करत होत्या. त्या सह्या मी शिकवलेल्या, जेवणाच्या सुट्टीत, फाटक्या गोण्यांच्या कागदावर. क्लार्क आम्हाला अंगठेबहाद्दर म्हणायचा, त्या रागाने शिकवलेल्या. एकटी पारूआत्या शिकली नाही. "माजा आंगठा बरा हाय," म्हणायची. कंपनीत अंगठा घ्यायचा तर आधी कागद वाचून दाखवायची रीत होती, आणि खाली वाचणाऱ्याची सही. सही करणारीला कोणी वाचून दाखवत नसे.

शाईचा पॅड समोर आला तसा आत्याने हात पदराखाली घेतला. "आदी वाचून दाव."

कागद फिरवणारा ऑफिसचा साहेब म्हणाला, हजेरीच आहे, लाव अंगठा. ती हलली नाही. मला हाक मारली, "तू ये गो. तू वाच."

मी गेले. वाचलं. आम्ही स्वखुशीने काम सोडत आहोत, कंपनीविरुद्ध आमची काही तक्रार नाही. खाली दहा सह्या. वळणदार, एका रेषेत. मी शिकवल्या तशाच.

मग तोच कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. पेन टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "मी सही करणार नाही."

टायवाला म्हणाला, ताई, निगेटिव्ह होऊ नका. शेवटी फोटो काढला. त्यात मी हसलेली नाही.

याला दोन पावसाळे झाले. आता रोज सकाळी पनवेलच्या नाक्यावर उभी राहते. उलव्याच्या बांधकामावर नेणारा टेम्पो कधी घेतो, कधी नाही. नवरा गेल्या थंडीत गेला. बाराजणींच्या वतीने आत्याने आणि मी कामगार कोर्टात तक्रार केली आहे. मागच्या तारखेला कंपनीच्या वकिलाने तो कागद वर धरला. म्हणाला, "या बायका अडाणी कशा? सह्या बघा किती सुंदर आहेत."

माझेच हात तोडून टाकावेसे वाटले.

आम्ही जिंकू असं मला वाटत नाही. मला कोणी आशा शिकवायला येऊ नये. वाडीतल्या पोरी येतात, सही शिकव म्हणतात. शिकवत नाही. आधी वाचायला लावते, अक्षराला अक्षर जोडून, अडखळत. अख्खा कागद वाचता आला की मग पेन. तोवर अंगठा, आणि तोही पदराखाली.

पुढच्या तारखेला दिवसाचा रोज बुडवून जाणार आहे. तो कागद तिथे मोठ्याने वाचणार आहे, खालच्या दहाही नावांसकट. कोणी बस म्हटलं तरी.