टाचेखालची पोलादी पानं

आमच्या घरात बॅले शिकलेल्या दोन बायका आहेत आणि त्यातली एक मी आहे, असं मी भाच्यांना सांगितलं की पुढं थोडा वेळ माझं कुणी ऐकत नाही. सगळे हसत असतात. त्यांचं काही चुकत नाही. माझा घेर बघता मी नाचणाऱ्या बाईपेक्षा स्टेजचा खांब म्हणून जास्त शोभले असते. पण गोष्ट खरी आहे. नव्वदच्या दशकात, भिंगारच्या लष्करी कॅम्पातल्या एका हॉलमध्ये, मी लोखंडी दांडीला धरून गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवायची आणि वर येताना "आई गं" म्हणायची. कॅसेटवर पियानो वाजत असायचा. माझी साथ त्याला शोभायची नाही.

दुसरी जी शिकली ती माझी धाकटी बहीण. तिच्याबद्दल सांगायला लागले की भाचे हसायचे थांबतात, आणि मग मलाही विनोद सुचत नाही.

धाकटीला ती रांगत होती तेव्हाच पोलिओ झाला. उजवा पाय गुडघ्याखाली बारीक राहिला. चालायची, पण चालता चालता पडायची. शाळेच्या पायरीवर, नळावर, कधी सपाट रस्त्यावरसुद्धा. उभी राहिली की तो पाय डाव्या पायाच्या मागं लपवून उभी राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी व्यायाम चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तेवढंच सांगितलं होतं; पप्पांनी त्याच्यापुढं 'म्हणजे बरा होईल' हे आपल्या मनानं जोडून घेतलं. पप्पा नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर होते. अडकलेला भाग तेल घालून फिरवत राहिला की एक दिवस सुटतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. पायाला तो का लागू नसावा, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं.

आई घरी शिवणकाम करायची. कॅम्पातल्या फौजी साहेबांच्या बायका ब्लाऊज, फॉल घेऊन यायच्या. त्यातल्याच एक मॅडम एकदा जाळीचं कापड घेऊन आल्या आणि लहान मुलींचे घागरे शिवून मागायला लागल्या, तेही छत्रीसारखे उभे राहणारे. आईला वाटलं मच्छरदाणी शिवायचीय. तिनं मापाला पलंगाची लांबी विचारली. त्या गोंधळात मॅडमचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या धाकटीकडं गेलं. त्या स्वतः डोंगरावरच्या कुठल्याशा शाळेत लहानपणी बॅले शिकल्या होत्या आणि आता दुपारी हॉलमध्ये कॅम्पातल्या मुलांना शिकवायच्या. हिला पाठवा म्हणाल्या. आईनं नुसतं पायाकडं बघितलं, तर मॅडम म्हणाल्या, मी बघितलाय पाय, पाठवा.

एकटीला पाठवायचं नाही म्हणून सोबत मी. मॅडमनी मलाही रांगेत उभं केलं. काही दिवसांनी फार प्रेमानं त्यांनी मला टेपरेकॉर्डर सांभाळायचं काम दिलं. माझी नृत्यातली कारकीर्द बटण दाबण्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पण त्यामुळं मला बघायला मिळालं.

मॅडम धाकटीला काही वेगळं शिकवत नसत. सगळ्यांना तेच. पाठ भिंतीसारखी, मान लांब, खांदे खाली, आणि संगीत सुरू होण्याआधी थांबायचं. हे थांबणं आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. धाकटीला यायला लागलं. एका पायावर तोल कसा धरायचा, तो जातोय हे आधी कसं ओळखायचं, पडायचं झालंच तर कसं पडायचं, हे ती शिकत होती. घरी येताना ती माझ्या पुढं चालायला लागली. आधी मी पुढं असायची आणि मागं वळून ती उठायची वाट बघायची.

मग शेवगावहून आक्का आली. आक्का म्हणजे आमची मोठी आत्या. पप्पांना तिनंच सांभाळून वाढवलेलं, त्यामुळं तिच्यापुढं पप्पा बोलत नसत. आईनं कौतुकानं जाळीचा घागरा दाखवला. आक्कानं तो हातात घेतला, उलटा केला, खाली ठेवला.

"पोरगी नाचती व्हय?"

आईनं घागरा उचलून त्याची घडी घातली.

"भाऊ, आपल्या आजीला लोकांच्या दारात काय काय करावं लागलं, ते म्यां ऐकलंय. तुला कुनी सांगितलं नसंल. धम्म घेतला तवा आपल्या मान्सांनी ढोलकी, घुंगरू समदं नदीत टाकलं. आन् तू आता साहेबलोकांम्होरं पोरगी नाचवाया काढली?"

आज मला आक्काचा राग येत नाही. ज्यांच्या घरच्या बायकांना दुसऱ्यांच्या मर्जीनं नाचावं लागलं, त्यांना नाच म्हटलं की काय दिसतं, ते जाळीच्या घागऱ्याच्या पलीकडचं असतं. पण त्या वेळी मी फक्त पप्पांकडं बघत होते. पप्पांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "नाच न्हाई आक्का. विलाज हाय तो. पायाचा."

आक्का म्हणाली, विलाज असंल तर गुन येईल. दिसंलच की.

झालं. त्या दिवसापासून पप्पांना गुण दाखवणं भाग पडलं. गल्लीत, विहारात, कारखान्यात, जिथं कुणी विचारलं तिथं ते सांगायचे, व्यायाम आहे, मिलिटरीतला आहे. कारखान्यातून त्यांनी एक पाइप घासूनपुसून, टोकं गोल करून आणला आणि भिंतीत बसवला. पाय फोटोंकडं होऊ नयेत म्हणून समोरच्या भिंतीत. त्यापायी कपाट हललं, कपाटापायी पलंग हलला, आणि पलंगापायी माझी अभ्यासाची जागा मोरीजवळ गेली. मी त्या वर्षी गणितात का नापास झाले, याचं कारण विचारणाऱ्यांना मी बॅले हेच सांगते.

आणि दर रविवारी पप्पा फीलर गेज काढायचे. चाकूसारखं एक हत्यार असतं, त्यातून पोलादाची पातळ पानं पंख्यासारखी उघडतात. कुठलं केसाएवढं, कुठलं नखाएवढं जाड. मशीनच्या दोन भागांत फट किती ते त्यानं बघतात. धाकटीनं पाइपला धरून चवड्यावर उठायचं आणि पप्पांनी गुडघ्यावर बसून उजव्या टाचेखाली पान सरकवायचं. पहिल्यांदा सगळ्यात पातळ पान गेलं तेव्हा पप्पा तसेच बसून राहिले. मग दुसरं. मग दोन पानं एकावर एक. आई चहा घेऊन उभी राहायची. आक्काला निरोप गेला, गुण येतोय.

मॅडम एका मंगळवारी न कळवता घरी आल्या. पप्पांची पहिली पाळी होती, ते नुकतेच येऊन हातपाय धूत होते. मॅडमनी खुर्ची घेतली नाही. पाइप बघितला, हात लावून बघितला, छान आहे म्हणाल्या. मग विचारलं, घरी हिला कोण शिकवतं? आठवडाभर मी हिला सरळ करते आणि सोमवारी ही वाकडी येते. उजवा खांदा कानाला, कंबर तिरकी.

पप्पांना कौतुक सांगायची संधी वाटली. त्यांनी गेज काढलं. धाकटी नको नको म्हणत होती, पण त्यांनी तिला उभं केलं, पानं सरकवून दाखवली. मॅडम खाली वाकल्या नाहीत. त्यांनी फक्त धाकटीचे पाइपवरचे हात अलगद सोडवले आणि तिच्या कमरेला धरून तिला सरळ उभं केलं. म्हणाल्या, आता उठ.

डावी टाच उठली. उजवी जागेवर राहिली.

इतके दिवस ती हातांनी स्वतःला वर ओढत होती. कंबर उचलून, खांदा उचलून, पाय नुसता लोंबता ठेवून. टाचेखाली फट पडत होती, कारण त्या पायावर वजनच नव्हतं. फटीची मापं घेण्यात पप्पांचं आयुष्य गेलेलं. फट खरी होती आणि मापही बरोबर होतं.

पप्पांनी तिला विचारलं, का गं?

ती म्हणाली, "नाही उठला तर तुम्ही बंद कराल ना."

मॅडमना मराठी कळत होतं. त्या पप्पांना हळू आवाजात म्हणाल्या, "ये पाँव नहीं उठेगा, भाईसाब. बाकी पूरी लड़की उठ गई है. आपने देखा नहीं?"

पप्पांनी खरंच बघितलं नव्हतं. ते खाली, टाचेजवळ बसलेले असायचे.

मॅडम गेल्यावर पप्पा कुणाला ओरडले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की उद्यापासून जायचं नाही. आई बोलायला गेली, तर म्हणाले, लोकांना काय सांगू? इलाज नाही तर मग काय आहे ते? धाकटी रडली असती तर बरं झालं असतं. ती वरण कालवत राहिली.

पाइपवर टॉवेल वाळायला लागले. मीच पहिला टाकला. घरात दांडी रिकामी दिसली की माझा हात तिकडं जातोच. धाकटी त्या भिंतीकडं पाठ करून बसायची. हळूहळू तो पाय पुन्हा डाव्या पायाच्या मागं जायला लागला. शाळेतून येताना मी पुन्हा पुढं आणि ती मागं. पाऊस संपता संपता ती पायरीवरून पडली, मग परत एकदा नळावर. आईनं गुडघ्याला हळद लावली, फ्रॉकचा काठ शिवला. असं चालत राहिलं. एका रविवारी पप्पा पेपर वाचत बसले होते आणि धाकटी मोरीत पडली. कळशी गडगडत बाहेर आली. आईनं तिला उठवलं, कळशी सरळ केली आणि पप्पांकडं न बघता म्हणाली,

"किती उठती ते मोजत हुता ना? आता किती पडती ते मोजा."

पप्पांनी पेपर खाली ठेवला. ते धाकटीकडं बघत राहिले. मला वाटतं तेव्हा त्यांना पहिल्यांदा आठवलं की मधल्या काळात ही पडत नव्हती. ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण न पडण्याचा आवाज होत नाही.

सोमवारी त्यांनी पाळी बदलून घेतली. दुपारी स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून आम्हा दोघींना घेऊन कॅम्पात निघाले. वाटेत त्यांनी मला विचारलं, मॅडमना काय म्हणू? मी सांगितलं, सॉरी म्हणा. ते म्हणाले, ते तर म्हणेनच, पण त्याच्या आधी काय म्हणू?

हॉलमध्ये बॅडमिंटनची जाळी लावलेली होती. फौजी वसाहतीतली चार मुलं खेळत होती. दांडी काढून टाकली होती, भिंतीत तिची भोकं तेवढी होती. दारातल्या जवानानं सांगितलं, मॅडमच्या साहेबांची बदली झाली, मागच्या महिन्यात गेले. कुठं गेले ते त्याला सांगता येत नव्हतं.

पप्पा तिथंच उभे राहिले. धाकटी म्हणाली, चला पप्पा. ती अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली. पण पप्पा हलले नाहीत. त्यांनी जवानाला विचारलं, मग खेळणाऱ्या मुलांना विचारलं, पाच मिनिटं देता का रे. मुलं बाजूला झाली. पप्पा धाकटीला म्हणाले,

"काय शिकली ते दाखव. सगळं. मी बघतो."

टेप नव्हता, पियानो नव्हता. माझं तेवढं एक काम, तेही गेलं. धाकटीनं चप्पल काढली. आधी ती नुसती उभी राहिली, बराच वेळ, त्या न वाजणाऱ्या संगीताच्या आधीचं थांबणं थांबून. मग हात वर गेले. इतक्या दिवसांनी पाठ तशीच सरळ होती, मान तशीच लांब. एकदा तोल गेला, तो तिनं सावरला. जिथं उठायचं तिथं डावी टाच उठली आणि उजवा पाय जमिनीवर राहिला. तिनं तो लपवला नाही. पप्पा या वेळी खाली बसले नव्हते. त्यांनी तिला उभ्यानं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि बघता बघता त्यांचा चेहरा असा झाला की मी जाळीकडं बघायला लागले.

क्लासच्या शेवटी एक रीत असायची. एक पाय मागं घेऊन, हात पसरून, मॅडम जिथं बसायच्या तिकडं वाकायचं. धाकटी वाकली. मॅडमच्या खुर्चीच्या जागी आता पप्पा उभे होते. ते गडबडले. त्यांना वाटलं हे आपल्याला आहे. त्यांनी पटकन दोन्ही हात जोडले आणि घसा साफ करून म्हणाले, "जयभीम."

ती क्लासची रीत होती, हे आम्ही दोघींनी त्यांना कधी सांगितलं नाही.

मुलं रॅकेट घेऊन वाट बघत होती. त्यातल्या एकानं विचारलं, अंकल, हो गया?

"झालं आमचं," पप्पा म्हणाले आणि खाली वाकून धाकटीच्या चपला उचलल्या. "खेळा तुम्ही."