सिस्टरची भरलेली बाटली

दुपारपासून डोकं सुन्न झालंय, राव.

वडील मुतखड्यासाठी चिंचवडच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट आहेत. वॉर्डातल्या सिस्टर सकाळपासून त्यांच्या मागे लागल्या होत्या, "काका, पाणी प्या! अजून एक ग्लास!"

ड्युटी संपायच्या वेळी त्याच सिस्टर चक्कर आली म्हणून मटकन खुर्चीत बसल्या. मी टेबलावरची त्यांची बाटली उचलून दिली. काठोकाठ भरलेली!

"सिस्टर, सकाळपासून पाणीच प्यायला नाहीत?"

"प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, दादा. वॉर्डात मी एकटी. पेशंट कुणावर सोडू?"

मी चाटच पडलो. चाकणला आमच्या गाड्यांच्या कंपनीत लाइनवर रिलीव्हर असतो. कुणाला बाथरूमला जायचं असलं की तो येऊन त्याची जागा सांभाळतो.

मी विचारलं, "मालकाकडं काय मागाल? पगारवाढ?"

"ती हवीच की. पण आधी माझ्या जागी दहा मिनिटं उभं राहायला कुणीतरी द्या म्हणावं."

हॉस्पिटल चालवणारं कुणी हे वाचत असेल, तर एकच सांगा. गाडीचा एक बोल्ट ढिला राहू नये म्हणून आमच्याकडं जादा माणूस ठेवतात. तुमच्याकडं तर माझा बाप झोपलाय ना?