शुभेच्छा छापून उरलेला इतिहास

जिल्ह्याची राजकीय ओळख करून देणारं एक छोटंसं पुस्तक काढायचं ठरलं आणि इतिहासाचा रिटायर्ड मास्तर म्हणून संपादक मंडळात मला ओढलं. पुस्तक झालं शंभर पानांचं. किस्से जमले त्याच्या दुप्पट! आता ओळखीचे भेटले की पुस्तकातलं कोणी विचारत नाही. "गुरुजी, मंडळातलं सांगा," म्हणतात. तर ऐका.

*

पहिली मीटिंग अध्यक्षांच्या राईस मिलच्या ऑफिसात झाली. अध्यक्ष म्हणजे आमचे शेठजी. इतिहासाशी त्यांचा संबंध एवढाच, की चहा त्यांचा होता.

पहिला तास नेत्यांचे शुभेच्छा संदेश कोणत्या क्रमानं लावायचे यात गेला. कोणाचा फोटो मोठा, कोण वर, कोण खाली! शेवटी मी हळूच विचारलं, "शेठजी, आणि इतिहास किती पानांचा?"

"गुरुजी, वो भी डालेंगे ना! शुभेच्छा छापून उरतील तेवढी पानं तुमचीच."

*

हे राज्य कसं बनलं ते पोरांना पटकन समजावं म्हणून मी सुरुवात घरापासून केली. माझे वडील आमचं मुर्री गाव सोडून कधी कुठे राहिले नाहीत. तेच घर, तीच खाट. पण मध्य प्रांत, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि मग महाराष्ट्र, अशी चार राज्यं त्यांनी पाहिली. पुढे भंडारा जिल्हा जाऊन गोंदिया आला तो वेगळाच.

हे मी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे उपाध्यक्ष भारावले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरेरे! एवढ्या बदल्या! कोणत्या खात्यात होते जी वडील?"

हा माणूस माझं लिखाण तपासणार होता!

*

गोंड राजवटीवर मी आठ पानं लिहिली होती. उपाध्यक्षांनी ती एका ओळीवर आणली. म्हणाले, "गोंडांचं ते कचारगड आहे ना, ते पर्यटनात घेऊ. गुहेचा फोटो टाकू, पार्किंगची माहिती टाकू."

मी म्हटलं, "अहो, ज्यांनी इथं राज्य केलं, त्यांना तुम्ही सहलीत टाकून राहिले!"

"मग काय झालं? सहलीचं पान लोक वाचतात तरी!"

कपाळ!

*

एका पुढाऱ्याचा परिचय छापायचा होता. पहिल्या प्रूफात एक पक्ष, दुसऱ्या प्रूफात दुसरा. तिसरं प्रूफ निघेपर्यंत साहेब पहिल्याच पक्षात परत! कंप्युटरवाला मनोज वैतागला. त्यानं पक्षाची जागा मोकळी सोडली आणि कंसात स्वतःसाठी टीप टाकली.

ती टीप काढायची राहिली. आज पुस्तकात साहेबांच्या रुबाबदार फोटोखाली छापलेलं आहे, "पक्ष: (छपाईच्या दिवशी फोन करून विचारणे)."

साहेबांना मी घाबरत घाबरत प्रत दिली. त्यांनी फोटो पाहिला, मान डोलावली आणि वीस प्रती मागितल्या.

*

आता सुगंधाबाईंचं सांगतो. बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात या दोन वेळा सरपंच होत्या. गावची शाळा बंद करायचा कागद वरून आला, तेव्हा ही बाई डबा बांधून शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसली. तीन दिवस! चौथ्या दिवशी कागद मागे. शाळा आजही भरते.

पण गाव 'सरपंचसाहेब' म्हणायचं ते त्यांच्या नवऱ्याला, राजारामजींना. खुर्चीवर तेच, हारात तेच. कामाला मात्र बाई!

बाईंचा मला आठवड्याला एक फोन ठरलेला. "गुरुजी, मी आहो का जी पुस्तकात?"

"आहात बाई."

"फोटोसंग?"

"फोटोसंग."

"मंग बरं. माह्या नातीले दाखवाचं आहे. तिले वाटते, सरपंच आजोबाच होते."

हे ऐकलं आणि मी ठरवलं, बाकी काय वाट्टेल ते कापू देत, हे पान जाऊ द्यायचं नाही.

*

आणि नेमकं तेच पान मीटिंगमध्ये निघालं! उपाध्यक्ष म्हणे, "पान राजारामजींच्या नावानं देऊ. त्यात बाईंचा उल्लेख करू. सह्या बाईंच्या असतील, पण कारभार तर त्यांचाच ना!"

"काऊन? दारात तीन दिवस तुमचे राजारामजी बसले होते का?"

"तसं नाही गुरुजी, पण लोक त्यांनाच ओळखतात."

मी उठलो, चपला घातल्या. "मग पुढचं तुम्हीच लिहा!"

शेठजी धावत दारापर्यंत आले. लोकशाहीवर त्यांचं प्रेम उफाळून आलं असं नाही. सहा जणांच्या त्या मंडळात लिहिणारा मी एकटाच होतो! पान बाईंचं राहिलं. फोटो आणि नाव मी छापखान्यात उभं राहून चार वेळा तपासलं.

*

प्रकाशन गोंदियाच्या एका हॉलमध्ये झालं. सुगंधाबाई तिसऱ्या रांगेत नवी साडी नेसून, नातीला शेजारी घेऊन बसलेल्या. पलीकडे कडक इस्त्रीत राजारामजी. निवेदकानं पुकारा केला, "आता सत्कार, आपल्या कर्तबगार माजी सरपंचांचा!"

आणि राजारामजी उठले!

उठले, लोकांना हात जोडत स्टेजवर चढले. प्रमुख पाहुण्यांनी शाल पांघरवली, नारळ दिला. महिलांच्या सत्काराची साडी ठेवलेली होती, तीही त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली. स्टेजवर एकालाही काही खटकलं नाही. फोटोग्राफर म्हणतो, "सर, साडी जरा वर धरा!" नात टाळ्या वाजवायला लागली.

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. त्याआधीच सुगंधाबाई उभ्या राहिल्या. माईक नाही, काही नाही, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"ओ जी! साडी घेतली ना? मंग आता नेसूनच उतरा खाली!"