चुकलेल्या अंदाजांची वही

श्री. श्रीनिवास धारप यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग चार दिवस घाबरून बसले. सरांची स्तुती करायची म्हणजे मोठी पंचाईत असते. कोणी चांगलं बोलायला लागलं की ते चष्मा वर सरकवून विचारतात, "पुरावा काय?" म्हणून या लेखात पुराव्याशिवाय काही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. जमेल तितकं.

सरांची आणि माझी पहिली भेट रबाळ्याच्या कारखान्यात झाली. तापमान, दाब वगैरे मोजणारी उपकरणं सांभाळणाऱ्या विभागाचे ते प्रमुख होते, आणि मी डिप्लोमा करून आलेली, त्या विभागातली पहिलीच बाई. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक नवा कोरा डिजिटल मीटर दिला आणि वाफेच्या पाइपचं तापमान विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "पंचेचाळीस, सर."

"बरोबर आहे?"

"हो. मीटरवर दिसतंय ना."

"मीटर बरोबर आहे हे कोणी सांगितलं?"

"नवा आहे, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी मला हाताचा पालथा पंजा पाइपच्या जवळ न्यायला सांगितलं. वीतभर अंतरावरूनच मी हात मागे घेतला. मीटरची एक तार सैल होती. सर म्हणाले, "नवं असणं हा मीटरचा गुण नाही, कांबळेबाई. ते त्याचं वय आहे." त्या वाक्याचा मला इतका राग आला होता, की ते आजपर्यंत पाठ आहे.

पुढे लग्न होऊन मी सानपाड्याला राहायला आले तर सर त्याच सोसायटीत, आमच्या वरच्याच मजल्यावर. म्हणजे दिवसभर कारखान्यात सर आणि घरी आल्यावर जिन्यात सर. सुटका नाहीच.

सरांना यंत्रांचा तिटकारा आहे असा आमच्या सोसायटीत पुष्कळांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. आमच्या इमारतीत पहिला कॉम्प्युटर सरांच्या घरी आला, आणि तो त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडला. कॉर्डलेस फोन, पेजर, झाडू मारणारं यंत्र, सगळ्याची त्यांना लहान मुलासारखी उत्सुकता. फक्त त्यांचा एक नियम आहे. घरात आलेली नवी वस्तू पंधरा दिवस वापरायची, तोवर जुनी वस्तू टाकायची नाही, आणि पंधराव्या दिवसापर्यंत नव्या वस्तूबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलायचं नाही. "मला यंत्र आवडतं, म्हणूनच मी त्याच्यावर चटकन विश्वास ठेवत नाही," असं ते म्हणतात. सरांच्या पत्नी सुमतीवहिनींचं म्हणणं असं, की लग्नानंतर पहिले पंधरा दिवस हे माझ्याशीही बोलले नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एकदा दारावर व्हॅक्यूम क्लीनर विकणारे एक टायवाले गृहस्थ आले. त्यांनी वहिनींची गादी साफ करून पिशवीतली पांढरी धूळ दाखवली आणि "बघा मॅडम, यावर तुम्ही झोपता," असं म्हणून वहिनींना पार शरमिंदं केलं. सर शांतपणे म्हणाले, "आता तुमचा टाय साफ करा." टायमधूनही तशीच धूळ निघाली. मग सरांनी त्या गृहस्थांना चहा पाजला आणि त्यांच्या यंत्राची मोटर खरोखर उत्तम आहे, हेही मोकळेपणाने सांगितलं. विकत मात्र घेतलं नाही.

पण सरांचं खरं वेगळेपण त्यांच्या संशयात नाही. संशय घेणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, विशेषतः निवृत्तीच्या आसपास. सरांचं वेगळेपण त्यांच्या एका वहीत आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बॉयलरबद्दल ते छातीठोकपणे "काही होत नाही" म्हणाले होते आणि व्हायचं ते झालं. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून आपला प्रत्येक ठाम अंदाज ते वहीत लिहितात, आणि पुढे निकाल. दर वाढदिवसाला केकऐवजी वहीतले चुकलेले अंदाज सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. "इतकी चॅनेलं कोण बघणार? चूक." "पेजर वीस वर्षं टिकेल. चूक." एका वर्षी त्यांनी शांतपणे वाचलं, "विभागात नवीन बाई आल्या आहेत. वर्षभरात सोडून जातील. चूक. सहा वर्षं झाली." मी तिथेच बसले होते. मला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी दोन्ही केलं.

आता मला ज्या प्रसंगाबद्दल लिहायचं आहे तो सांगते.

आमच्या सोसायटीचा पंप पांडूमामा चालवायचे. मामा इथल्याच जुन्या गावातले. तरुणपणी मिठागरात राबलेले, मग जमीन शहरासाठी गेली आणि मामा आमच्या पंपाच्या खोलीत आले. खालच्या टाकीत पाणी आलं की पंप चालू करायचा, वरची टाकी भरली की बंद करायचा, हे त्यांचं काम. घरात कमावणारे ते एकटेच.

महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्या भागातल्या एका उमेदवारांनी सोसायटीला पंपाचं स्वयंचलित पॅनल भेट द्यायचं ठरवलं. दोन्ही टाक्यांत तरंगते गोळे, त्यांच्या तारा पॅनलला, पाणी वरखाली झालं की पंप आपोआप चालू-बंद. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी खुशीत म्हणाले, "आता मामाचं टेन्शनच नको. पुढच्या महिन्यापासून पगार वाचला." हे मामांच्या समोर म्हणाले. सभा संपल्यावर मामा सरांच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, पानी कवा येतंय ते मना पायपाच्या आवाजावरनं कलतं. त्या डब्याला कलंल काय?"

सर म्हणाले, "नाही कळणार. पंधरा दिवसांत गाळ धरून गोळा अडकेल. मी वहीत लिहून ठेवतो."

त्यांनी लिहून ठेवलं. खरं सांगते, आम्हा सगळ्यांनाच ते यंत्र बिघडायला हवं होतं. सरांना सगळ्यात जास्त.

पॅनलच्या उद्घाटनाला उमेदवार हारतुऱ्यांसकट आले. पॅनलवर त्यांचा फोटो चिकटवलेला. टाळ्या थांबल्यावर सरांनी हात वर केला. "साहेब, याची गॅरंटी किती?"

"अहो सर, आमी सोता हाय ना गॅरंटी!"

"उत्तम. मग इथे सही करा." सरांनी टाइप केलेला कागद पुढे केला. वर्षभरात बिघाड झाल्यास दुरुस्ती करून देईन, असा. सभेत हशा पिकला. चारचौघांत नाही कसं म्हणणार? उमेदवारांनी सही केली. सरांनी त्या संध्याकाळी वहीत दुसरा अंदाज लिहिला, "हे गृहस्थ निवडून आले तर परत दिसणार नाहीत."

सोळाव्या दिवशी सोसायटीची सभा भरली. पंधरा दिवस सर सकाळ-संध्याकाळ मामांबरोबर पंपाच्या खोलीत उभे राहून नोंदी घेत होते. मामा दाराशी उकिडवे बसले होते. सर उभे राहिले आणि त्यांनी वाचलं, "गोळा एकदाही अडकला नाही. टाकी एकदाही वाहिली नाही. त्याआधीच्या पंधरा दिवसांत दोनदा वाहिली होती. यंत्र चांगलं आहे. माझा अंदाज चुकला."

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मला त्या क्षणी सरांचा भयंकर राग आला. एवढा प्रामाणिकपणा कोणाच्या पोटावर पाय देण्यासाठी करायचा असतो का? सेक्रेटरींनी लगेच ठरावाचा कागद पुढे ओढला.

"थांबा," सर म्हणाले. "पंधरा दिवसांत का अडकला नाही, तेही लिहिलं आहे. पांडूमामा रोज सकाळी गोळा पुसत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना तो घाण दिसला म्हणून पुसला." मग ते मामांकडे वळले. "मामा, ज्या यंत्राने तुमची नोकरी जाणार, त्याचाच गोळा तुम्ही का पुसलात?"

मामा उठून उभे राहिले. "पानी तर आपलंच हाय ना, सर. गोला कुनाचा का असंना."

सेक्रेटरींनी ठरावाचा कागद हळूच घडी करून खिशात घातला. सरांनी फक्त एक वर्ष मागितलं. "यंत्र राहील आणि मामाही राहतील. मी त्यांना शिकवतो. वर्षाने पुन्हा सभा घ्या."

पुढचे सगळे रविवार सर पंपाच्या खोलीत होते. मामांना अक्षर वाचता येत नव्हतं. सरांनी वहिनींच्या टिकल्यांची पाकिटं खाली नेली आणि पॅनलच्या आतल्या जोडांवर लाल, हिरव्या, निळ्या टिकल्या चिकटवल्या. लाल तार लाल टिकलीला, हिरवी हिरवीला. वहिनी सहा महिने एकाच रंगाची टिकली लावून कार्यालयात जात होत्या, कारण बाकीचे रंग पंपाला लागले होते. मामा शिकले. भराभर शिकले. मिठागरात पाण्याची पातळी डोळ्यांनी मोजणाऱ्या माणसाला पातळीचं यंत्र समजावून सांगावं लागत नाही, असं सर म्हणतात.

त्या उमेदवारांनी आणखी पाच-सहा सोसायट्यांना तशीच पॅनलं दिली होती. तिथे गोळे पुसणारं कोणी नव्हतं. तीन महिन्यांत जिकडे तिकडे गच्च्यांवरून पाणी वाहू लागलं आणि लोक आमच्या पंपाच्या खोलीत मामांना शोधत आले. वर्षाची सभा झालीच नाही, कारण तोवर मामा सात सोसायट्यांची पॅनलं सांभाळत होते आणि सेक्रेटरींनाच त्यांची वेळ मागावी लागत होती. मधे आमच्या पॅनलमधला एक भाग जळाला तेव्हा सर सहीचा कागद घेऊन त्या गृहस्थांकडे, म्हणजे आता नगरसेवकांकडे, गेले. त्यांनी कागद वाचला, खो-खो हसले, आणि दुसऱ्या दिवशी नवा भाग पाठवला. सरांनी वाढदिवसाला तेही वाचलं. "परत दिसणार नाहीत. चूक." राजकारणाबद्दल सरांचं मत फारसं बदललेलं नाही. पण आता ते म्हणतात, की माणूस वाईट असेल असं धरून चालावं आणि कागद मात्र तो चांगला निघेल अशा आशेने तयार ठेवावा.

हे सगळं मी आज का सांगते आहे, ते सरांच्या जवळच्या लोकांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी जिना चढताना सरांना दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मंदावलेत, छातीत पेसमेकर बसवायला हवा, आणि उशीर करू नका. सरांनी साफ नकार दिला. "जे उघडून बघता येत नाही ते मी घरात आणत नाही, छातीत कसं आणू?" डॉक्टरांना त्यांनी तीन पानं भरून प्रश्न पाठवले. डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्या उत्तरांवर सरांनी पुन्हा प्रश्न काढले. दिवस जात होते. वहिनी एका दुपारी माझ्याकडे येऊन पदर तोंडाला लावून रडल्या. मी वर जाऊन सरांशी भांडले. काही उपयोग झाला नाही. आमच्या सरांना हट्टी म्हणायला मला कुठल्याही पुराव्याची गरज वाटत नाही.

शेवटी पांडूमामा वर आले. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि उभ्यानेच बोलले.

"सर, पंधरा दिस ठेवून बगायचं, मंगच बोलायचं, ह्यो नियम कुनाचा?"

"माझा."

"माज्या पोटावर मशीन आलं तवा मी ठेवून घेतलं. गोला पन पुसला. आता तुमचा नंबर हाय. अंदाज चुकला तर लिवा वहीत."

सरांनी प्रश्नांची पानं गोळा करून बाजूला ठेवली. मग वहिनींना म्हणाले, "बॅग भरा."

शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस त्यांनी आपल्या नियमाप्रमाणे त्या यंत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या जिवाला नुसता घोर. सोळाव्या दिवशी मी आणि मामा वर गेलो, तेव्हा वही टेबलावर उघडी होती. "यंत्र मला मानवणार नाही. चूक," असं लिहिलेलं होतं. मामांनी मला ते मोठ्याने दोनदा वाचायला लावलं.

त्याखाली दोन अंदाज आहेत, ज्यांचा निकाल अजून बाकी आहे. एक, दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर गोंधळतील म्हणून सगळे घाबरलेत, पण आपल्या इमारतीची लिफ्ट चालू राहील. तो खरा ठरो, कारण मी चौथ्या मजल्यावर राहते. दुसरा सरांनी मला वाचू द्यायचा नव्हता, पण मी वाचला. "या यंत्रासह माझी आणखी फार तर दहा वर्षं."

सर, आयुष्यभर आपण पुराव्याशिवाय बोलू दिलं नाहीत, तरी आजच्या दिवशी एक बिनपुराव्याची इच्छा बोलून दाखवते. आपल्याला उदंड आयुष्य मिळो, वहिनींच्या टिकल्यांचे सगळे रंग त्यांना परत मिळोत, आपले हात पुढची कितीतरी यंत्रं उघडत राहोत. आणि अकरा वर्षांनंतरच्या वाढदिवसाला आम्ही सगळे खाली पंपाच्या खोलीपाशी जमू, मामा पुढे बसतील, आणि आपण निळी वही उघडून त्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलेला निकाल खणखणीत आवाजात वाचून दाखवाल: चूक.