गावोगावचं पाणी

आधीच सांगून ठेवते — मी विज्ञानाची शिक्षिका आहे. नववी-दहावीच्या पोरांना पाण्याचे गुणधर्म शिकवते. दृष्ट लागणं, अंगात येणं, स्वप्नात कोणी येऊन सांगणं... स्टाफरूममध्ये या गोष्टींची सगळ्यात जास्त चेष्टा मीच करते. अजूनही करते. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा माझं मलाच हसू आलं. पण इथे ग्रुपवर बाकीचे इतकं मोकळेपणाने लिहितात, की म्हटलं आपणही एकदा सांगून टाकावं.

मला फिरायचं वेड आहे. लहानपणी फिरणं म्हणजे ठरलेलं असायचं — तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. जीपमध्ये दाटीवाटीने बसायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची, दर्शन झालं की परत. त्यातही मजा होती. पण नोकरी लागल्यावर मी एकटीच निघायला लागले. पाठीवर सॅक, बुकिंग वगैरे काही नाही, उतरायचं तिथे उतरायचं. लग्न केलं नाही, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं... म्हणजे विचारायचे सगळेच, मी उत्तर देत नव्हते एवढंच. म्हैसूर, कोची आणि राजस्थानातलं बुंदी ही माझी लाडकी शहरं. त्यातही बुंदी जास्त. तिथल्या पायऱ्यांच्या विहिरींच्या काठावर दुपारभर नुसतं बसून राहिलं तरी दिवस वाया गेला असं वाटत नाही.

सोलापुरात आम्ही नवी पेठेच्या मागच्या बाजूला राहतो. मी, भाऊ, वहिनी आणि आई. बाहेरचे लोक प्रवास ठरवताना सुट्टी बघतात, आम्ही पाण्याचा दिवस बघतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं माणूस गावाला जात नाही. बॅरल, हंडे, पातेली, कुकरची भांडीसुद्धा भरायची. त्याआधी जुनं उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं, हा आमच्या वहिनीचा कडक नियम. पाणी शिळं होत नाही हे मी तिला विज्ञानाच्या आधाराने कितीदा तरी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि ओतायचं ते ओतलंच.

आई मात्र कधी कुठे गेली नाही. तिचं माहेर करमाळा तालुक्यातलं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती नवी नवरी म्हणून सोलापुरात आली आणि तिकडे गाव हललं. घरच्यांनी वासे-दारं काढून नव्या वसाहतीत नेली, पण तिला बोलावलं नाही. तिला दिवस गेले होते, उगाच मनाला लावून घेईल म्हणून. घर शेवटचं बघू दिलं नाही हा राग तिने आपल्या भावावर, म्हणजे माझ्या मामांवर धरला तो कायमचा. मामा दर भाऊबीजेला सोलापूरला यायचे, ती ओवाळायची, गोडधोड करायची. पण नव्या गावात तिने पाऊल टाकलं नाही. विचारायची ते एवढंच, की दारातली दगडी डोण नेली का? डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची दगडाची कुंडी. लहानपणी आई तिच्यात बसून आंघोळ करायची. मामा म्हणायचे, नेली की, नव्या घराच्या दारात आहे, येऊन बघ. ती काही गेली नाही.

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हापासून हे सुरू झालं. मी म्हैसूरला निघाले होते. काय आणू विचारलं, तर म्हणाली, "तितलं पानी आन. चव तरी बगू." लोक पेढे आणतात, साड्या आणतात, मी बाटलीत नळाचं पाणी घेऊन आले. वहिनीने ते उकळून, गाळून दिलं. आईने घोटभर घेतलं, डोळे मिटले आणि जराशाने म्हणाली, "नळाखाली निळी बादली हाय. कडी तुटलीया तिची, सुतळी बांदलीया."

मी ज्या घरात उतरले होते त्याच्या परसात तशीच बादली होती. मी ती बघितली होती, पण कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

योगायोग. बादल्या निळ्याच असतात, कड्या तुटतातच. मी विषय सोडून दिला... असं वाटलं मला. पण पुढच्या सुट्टीत बुंदी आणि कोची दोन्ही केलं, तेव्हा दोन सारख्या बाटल्या आणल्या आणि वहिनीला म्हटलं, मला न दाखवता अदलाबदल करून ठेव. कोणती कुठली हे मलाही कळायला नको. माझ्या चेहऱ्यावरून आईला अंदाज लागत असेल अशी माझी शंका होती. आईने पहिल्या बाटलीतलं पाणी घेतलं. डोळे मिटले, झोप लागली की काय असं वाटलं. मग म्हणाली, इथे खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत आणि टाकीच्या झाकणावर एक माकड बसलंय, त्याचा एक कान फाटलाय. दुसऱ्या बाटलीला म्हणाली, मासळीचा वास येतोय, समोरच्या खिडकीत एक बाई ओले केस विंचरतेय, तिला कसली म्हणून घाई नाही.

ती बाई मी पाहिली होती. माकडही पाहिलं होतं. मी तिथून उठून गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले कपडे उगाचच पुन्हा झटकले. भीती वाटली नाही, खरं सांगते. उलट मन कसं हलकं झालं होतं. आपण बघितलेलं आपल्या आईनेही बघितलं, याहून आणखी काय हवं असतं माणसाला?

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आईने पाणी पिणंच सोडलं. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. चमचा-दोन चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, पोटात पाणी गेलं नाही तर किडन्या तग धरणार नाहीत, दवाखान्यात ठेवावं लागेल. दवाखान्याचं नाव काढलं की ती भिंतीकडे वळायची. मी सुट्टीतला बेत रद्द केला. फ्रिजमध्ये बुंदीची बाटली होती, अर्धीअधिक रिकामी. शेवटचा उपाय म्हणून ती जपून ठेवली होती.

त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. सकाळपासून घरात नुसती धावपळ. दुपारी सगळं शांत झाल्यावर मी फ्रिज उघडला, बाटली काढली, उरलेलं सगळं पाणी पेल्यात ओतलं आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने तिच्या ओठांना लावलं. म्हटलं, आई, बुंदीचं आहे, पायऱ्यांचं गाव.

तिने गिळलं. पडदे ओढलेले होते, पंखा फिरत होता. आई डोळे मिटूनच हसली, मग हलक्या आवाजात म्हणाली, "ही तर आमची गल्ली."

ती सांगत गेली, मधे थांबत, मधे नुसतेच ओठ हलवत. भिंती गुडघाभर उरल्यात. वर सगळं हिरवं हिरवं आहे, ऊन पार खालपर्यंत येतंय. चुलीच्या जागी मासे फिरताहेत. तिने आणखी पाणी मागितलं, मी पेला तोंडाला लावला. तो तिने संपवला.

मग तिच्या कपाळाला आठी पडली. "डोण तर हितंच हाय की," ती म्हणाली. "दादा खोटं बोलला."

नंतर ती शांत झोपली. मी स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीला म्हटलं, बुंदीचं पाणी संपलं आता. वहिनी भांडी पुसत होती. तिने सहज सांगितलं, की ते शिळं पाणी मी सकाळीच ओतलं, तेवढंच नळाचं ताजं भरून ठेवलंय, उकळून.

आमच्या नळाला उजनीचं पाणी येतं.

संध्याकाळी मी मामांना फोन केला. नमनाला घडाभर तेल घालण्याइतका धीर नव्हता, थेटच विचारलं, डोण खरंच नेली होती का? मामा म्हणाले, "कुणी सांगितलं तुला? आमच्या हिलाबी म्हाईत न्हाय." गाडीवर चढवायला गेले तर डोण हलेना, आणि पाणी तर वाढत होतं. नव्या दारात जी होती ती बाजारातून आणलेली. बहिणीला तेवढंच समाधान, म्हणून इतकी वर्षं नेली म्हणत आले.

आई त्यानंतर पाणी प्यायला लागली, घरच्या नळाचं. दवाखान्यात जावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं, मी मान डोलावली. दुसऱ्या गावचं पाणी तिने परत कधी मागितलं नाही. तेच पाणी मीही प्यायले, डोळे मिटून, आई बसते तशी बसून. क्लोरीनचा वास आला. बाकी काही नाही.

स्वप्न म्हणावं, तर बादलीची सुतळी तिने कुठे पाहिली? कोणाकडून ऐकलं म्हणावं, तर डोणीबद्दल मामांनी तोंड उघडलं नव्हतं. आणि नळाचं हेच पाणी ती वर्षानुवर्षं पीत आली, मग घर त्याच दिवशी का दिसलं? पाण्याचे गुणधर्म मी आजही शिकवते, त्यात हा कुठेच बसत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. मला खरंच कळलेलं नाही.

पावसाळा लागण्याआधी आई एक दिवस म्हणाली, मला दादाकडे न्या. माझ्या भावाने गाडी केली, मागच्या सीटवर गाद्या टाकल्या आणि तिला आडवीच नेलं. मामांचं नवं गाव धरणाच्या काठालाच आहे. ती येणार म्हणून ते सकाळपासून रस्त्यावर उभे होते. वयाने पार वाकलेत आता. आम्ही तिला उचलून काठावरच्या बाभळीखाली खुर्चीत बसवलं. समोर लांबपर्यंत पाणी पसरलेलं, वारा पडलेला.

मामांना सगळं मी फोनवर सांगितलं होतं. ते खाली पाण्याकडे उतरले आणि तांब्या भरून घेऊन आले. पाणी धोतरावर सांडत होतं. म्हणाले, घे, बग आपलं घर.

आईने तांब्या हातात घेतला आणि तसाच शेजारी मातीवर ठेवला.

"घर बगितलं मी," ती म्हणाली. "आता तू बस की हितं माझ्याजवळ. तुला कुटं धड बगितलंय मी इतकी वर्सं."

मामा तिच्या पायाशी मातीतच बसले.